व्ह्यूफाइंडरमध्ये एक, फोटोत भलतंच: डेप्थ ऑफ फील्ड आधी बघताना होणारे घोळ

लग्नसराई सुरू झाली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. विचारणारा दरवेळी वेगळा, तक्रार तीच. "कॅमेऱ्यातून बघताना मागचं सगळं मस्त ब्लर होतं, फोटोत मात्र मंडपाचा एकेक बल्ब मोजता येतोय." नाहीतर बरोबर उलटं: "स्क्रीनवर सगळे शार्प होते, अल्बम छापून आला तर मागची रांग गेलेली." मग लेन्स खराब निघाली असं ठरतं, पुण्याला सर्व्हिसला पाठवायची चौकशी होते. थांबा. दहातल्या नऊ वेळा लेन्सला काहीही झालेलं नसतं. आपण बघतोय ते काय आणि छापणार ते काय, एवढाच घोळ असतो. डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे पुढून मागे जेवढ्या अंतरातलं सगळं शार्प दिसतं तो पट्टा, आणि घोळ त्याचाच.

आधी कारण सांगतो, कारण ते डोक्यात बसलं की पुढचं निम्मं आपोआप सुटतं.

लेन्समधलं उजेडाचं भोक, म्हणजे अपर्चर, लहान-मोठं करायला आत पाती असतात; एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान. डायल फिरवून तुम्ही एफ/8 लावलं, तरी ही पाती त्या क्षणी हलत नाहीत. डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) लेन्स पूर्ण उघडीच राहते, म्हणजे व्ह्यूफाइंडर, डोळा लावून बघायची खिडकी, उजळ दिसतो आणि ऑटोफोकसला भरपूर उजेड मिळतो. शटर दाबलं की आरसा वर जातो, पाती मिटून एफ/8 ला येतात, फोटो निघतो आणि पाती परत उघडतात. हे इतक्या झटक्यात होतं की डोळ्याला कळतही नाही. थोडक्यात, 50 एमएम एफ/1.8 ची लेन्स लावून तुम्ही जे बघत बसलाय ते उघड्या लेन्सचं चित्र, आणि कार्डावर उतरतं ते एफ/8 चं.

फरक किती? एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरची बॉडी, 50 एमएम लेन्स, माणूस 2 मीटरवर. एफ/1.8 ला शार्प पट्टा साधारण 11-12 सेंटिमीटरचा. एफ/8 ला तोच अर्धा मीटर होतो. नवरीच्या नथीपासून कानातल्या झुब्यापर्यंत जेमतेम पुरणारा पट्टा एकदम तिच्या मागे उभ्या करवलीपर्यंत पोचतो. बल्ब मोजता येणारच.

यावरचा जुना इलाज म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण. लेन्स जिथे बसते त्या माउंटच्या शेजारी, मॉडेलप्रमाणे डाव्या किंवा उजव्या अंगाला एक छोटं बटण असतं. ते दाबून धरलं की पाती तुम्ही लावलेल्या आकड्याला मिटतात आणि मिटलेलीच राहतात. लोक कॅमेरा घेऊन पाच-पाच वर्षं वापरतात आणि हे बटण लेन्स काढायचं असेल असं समजून सोडून देतात.

बटण दाबलं की नुसता अंधार

माझ्या भाच्याला मी हे बटण दाखवलं ते मे महिन्यात, सिद्धेश्वर तलावाच्या काठावर, दुपारी. समोर देवळाकडे जाणारी वाट, मागे पाण्यावर ऊन नुसतं चमकतंय. त्यानं डोळा लावला, बटण दाबलं आणि लगेच कॅमेरा खाली घेतला.

"मामा, दाबूलालोय की बटण, पण नुसतं काळं होऊलालंय."

बरोबरच आहे. एफ/1.8 वरून एफ/8 ला गेलं की आत येणारा उजेड विसावा हिस्सा उरतो. सोलापूरच्या उन्हात पांढऱ्या फरशीकडे बघून मिटमिटलेला डोळा एकदम त्या अंधारात नेला तर त्याला काय दिसणार? घरात शिरल्यावर उंबऱ्याशी आपण क्षणभर आंधळे होतो, तसलाच प्रकार. त्याला म्हटलं, डोळा लावून थांब बे जरा, पळू नको. बटण दाबूनच ठेव आणि पंधरा-वीस सेकंद डोळ्याला सवय होऊ दे. दुसरा डोळा मीट. आयकपच्या, म्हणजे डोळा टेकतो त्या रबराच्या, कडेनं ऊन शिरत असेल तर हाताची ओंजळ कर.

मी स्वतः डोक्यावरून चादर घेतो. हसू नका. जुने फोटोग्राफर काळं फडकं घ्यायचे ते उगाच नव्हे, आणि आपल्या गावात चादरीला काय तोटा? उन्हात कॅमेऱ्याच्या मागची स्क्रीन बघायलाही याहून स्वस्त साधन नाही. गडद रंगाची घ्या, एवढंच.

दुसरी युक्ती: एफ/1.8 वरून थेट एफ/11 वर उडी मारू नका. एफ/2.8 लावा, दाबा, बघा, सोडा. एफ/4, दाबा, बघा. एकेक पायरी उतरलात की अंधार हळूहळू वाढतो आणि ब्लर कुठे कमी झाला ते डोळा पकडतो. उजेडाकडे लक्ष देऊ नका. मागची एकच वस्तू धरा, शक्यतो चमकणारी: पाण्यावरचा चमचमाट, दिव्याची माळ, स्कूटरचा आरसा. ब्लर झालेल्या दिव्याचा गोळा होतो, आणि पाती मिटतील तसा तो गोळा लहान होत जातो. काळोखातही हे दिसतं. भाच्याला तिसऱ्या पायरीला दिसलं.

बटण दाबलं तरी काहीच होत नाही

पहिली शक्यता अगदी साधी. किट लेन्स 18 एमएमला एफ/3.5 वर आहे आणि डायलवरही एफ/3.5 आहे. मिटायला जागाच नाही, मग फरक कुठून दिसणार? एफ/11 लावून दाबा.

दुसरी, बटणाचं काम कुणीतरी बदललेलं असतं. बऱ्याच बॉडींवर या बटणाला दुसरंच काम लावता येतं. सेकंडहँड कॅमेरा घेतला असेल तर कस्टम कंट्रोलचा मेनू एकदा उघडून बघाच. आधीच्या मालकानं तिथे काय लावून ठेवलंय, भरवसा नाही.

तिसरी, लेन्सच अशी की कॅमेऱ्याचं तिच्यावर राज्य नाही. जुनी मॅन्युअल लेन्स साध्या अॅडॅप्टरवर लावली तर पाती हातानं रिंग फिरवून मिटतात. तिथे बटणाची गरजच नसते. रिंग फिरवाल तसा व्ह्यूफाइंडर अंधारतो, म्हणजे प्रिव्ह्यू कायमच चालू.

चौथी शक्यता खऱ्या बिघाडाची, आणि ती ओळखायला हेच बटण उपयोगी पडतं. एफ/11 लावा, कॅमेरा उलटा धरून लेन्सच्या तोंडातून आत बघा आणि बटण दाबा. पाती झरकन मिटून मध्ये लहान भोक उरलं पाहिजे, बटण सोडलं की पुन्हा सताड उघडलं पाहिजे. पाती अडखळली, एक बाजू मागे राहिली, त्यांच्यावर तेलाची चमक दिसली, तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. कॅननमध्ये एफ/1.8 ला फोटो नीट निघतो आणि एफ/5.6 ला गेलं की एरर 01 येतो, अशी तक्रार असेल तर आधी लेन्सच्या मागचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या, मऊ, स्वच्छ कापडानं पुसा. तेवढ्यानं भागलं नाही तर दोष बहुधा अपर्चरच्या यंत्रणेत किंवा तिच्याकडे जाणाऱ्या पट्टीत असतो.

आणि एक प्रकार, ज्याला लोक बिघाड समजतात पण तो बिघाड नसतो. बटण दाबलं की फ्लॅश तडतड तडतड उडतो. याला मॉडेलिंग फ्लॅश म्हणतात. सावली कुठे पडेल ते आधी दिसावं म्हणून कॅमेरा फ्लॅशचे झपाट्यानं झटके देतो. कॅननच्या बऱ्याच स्पीडलाइटवर आणि निकॉनच्या बऱ्याच बॉडींवर हे होतं. एका मंगलाष्टकात, शांतता असताना, माझ्या मदतनिसाकडून हे झालं आणि भटजींनी वर मान करून जे बघितलं ते मी विसरलेलो नाही. मेनूत मॉडेलिंग फ्लॅश बंद करता येतो. करून टाका.

उघड्या लेन्सला उलटा घोळ

आता हे जरा गमतीचं आहे. वर म्हटलं की व्ह्यूफाइंडर उघड्या लेन्सचं चित्र दाखवतो. तेही पूर्ण खरं नाही. हल्लीच्या डीएसएलआरचा फोकसिंग स्क्रीन (व्ह्यूफाइंडरमधलं चित्र ज्यावर उमटतं तो) मंद, म्हणजे कमी उजेड घेणाऱ्या, झूम लेन्सवरही उजळ दिसावा असा बनवलेला असतो, आणि त्या उजळपणापायी तो साधारण एफ/2.5 ते एफ/2.8 पेक्षा उथळ डेप्थ दाखवूच शकत नाही. म्हणजे एफ/1.8 ला तुम्हाला दिसतो त्यापेक्षा फोटो जास्त ब्लर येतो. डोळ्यांवर फोकस आहे असं वाटतं आणि घरी येऊन बघाल तर एकच डोळा शार्प.

खात्री करायची तर 50 एमएम एफ/1.8 लेन्सला एफ/2.5 लावा आणि प्रिव्ह्यूचं बटण दाबा. व्ह्यूफाइंडर जवळजवळ अंधारत नाही. जवळपास एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड कमी व्हायला हवा होता, पण तो जास्तीचा उजेड स्क्रीननं मुळात तुमच्यापर्यंत पोचवलाच नव्हता. काही मोठ्या कॅनन बॉडींसाठी मुद्दाम वेगळा, जास्त खरखरीत स्क्रीन मिळायचा, 5डी मार्क 2 साठी ईजी-एस. त्यावर हे नीट दिसतं, पण मंद लेन्स लावली की तो काळपट होतो. आज त्याच्या मागे लागू नका. उघड्या प्राइमवर (झूम नसलेल्या लेन्सवर) काम असेल तर व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका, लाइव्ह व्ह्यूला, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, जा.

बटणच नाही, किंवा लाइव्ह व्ह्यूत फरक दिसत नाही

निकॉनच्या डी3000 आणि डी5000 मालिकेच्या बॉडींना हे बटण दिलेलं नाही. आपल्याकडे शिकणाऱ्यांच्या हातात बहुतेक याच असतात, म्हणून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मग ते लाइव्ह व्ह्यू लावतात, अपर्चर एफ/2.8 वरून एफ/11 वर नेतात, आणि स्क्रीनवर काहीच बदलत नाही. कारण निकॉनच्या अनेक डीएसएलआर लाइव्ह व्ह्यू सुरू करताना जो आकडा होता तोच धरून बसतात. लाइव्ह व्ह्यू बंद करा, आकडा बदला, पुन्हा सुरू करा. झालं. कंटाळवाणं आहे, पण बटणाची उणीव भागते.

कॅननच्या डीएसएलआरची तऱ्हा वेगळी. लाइव्ह व्ह्यूत लेन्स उघडीच असते, एक्स्पोजर सिम्युलेशन फक्त उजेड-अंधार नक्कल करून दाखवतं. चित्र एफ/11 सारखं गडद दिसेल, ब्लर मात्र उघड्या लेन्सचा. खरा ब्लर बघायला तिथेही प्रिव्ह्यूचं बटण दाबावंच लागतं. फायदा इतकाच की स्क्रीन उजेड वाढवून दाखवते, त्यामुळे व्ह्यूफाइंडरसारखा काळोख होत नाही.

मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घेतला म्हणजे हे सगळं संपलं असं दुकानदार सांगतात. निम्मं खरं. सोनीत लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेचा सेटिंग इफेक्ट चालू असेल तर लावलेल्या अपर्चरचंच चित्र दिसतं. पण स्टुडिओ फ्लॅशवर काम करताना स्क्रीन काळी पडते म्हणून आपण तो बंद करतो, आणि मग जे दिसतं ते फोटोसारखं असेलच असं नाही. अशा वेळी एखाद्या कस्टम बटणाला अपर्चर प्रिव्ह्यू लावून ठेवा. निकॉन झेड बॉडी एफ/5.6 पर्यंत खरं दाखवतात. तुम्ही एफ/11 लावलंत तरी बघताना लेन्स एफ/5.6 लाच थांबते आणि शटर दाबल्यावर पुढे मिटते, त्यामुळे एफ/8 पासून पुढे प्रिव्ह्यूला बटण द्यावंच लागतं. कॅननच्या आर मालिकेत नव्या काही बॉडींवर डिस्प्ले सिम्युलेशनमध्ये एक्स्पोजरबरोबर डेप्थ ऑफ फील्ड असा पर्याय आहे. असेल तर तो लावा, नसेल तर बटण.

मोबाइलचं विचारूच नका. पोर्ट्रेट मोडमध्ये एफ/1.4 असं काही लिहून येतं तो सॉफ्टवेअरचा हिशोब, बहुतेक मोबाइलमध्ये पाती मिटत-उघडत नाहीत.

स्क्रीनवर शार्प, अल्बममध्ये मागची रांग गायब

ही तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण यात पैसे परत द्यावे लागतात. मी दिलेत.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका लग्नात तीन रांगांचा घरचा ग्रुप काढला. खुर्च्यांवर ज्येष्ठ, मागे उभे काका-काकू, त्यांच्या मागे बाकावर पोरं. 50 एमएम, 5 मीटरवरून, संध्याकाळचा उजेड कमी म्हणून एफ/2.8. लाइव्ह व्ह्यूत बघितलं, सगळे चेहरे शार्प. फोटो काढून मागे स्क्रीनवर बघितला, तोही शार्प. अल्बमला 12 बाय 36 चं पान, ग्रुप दोन्ही पानांवर पसरून. छापून आलं तर आजोबांच्या फेट्याची वीण दिसतेय आणि मागची पोरं लोण्यासारखी मऊ.

मी त्या वेळी प्रिव्ह्यू केला होता, हे लक्षात घ्या. प्रिव्ह्यू खोटा नव्हता. 3 इंची स्क्रीनची रुंदी जेमतेम अडीच इंच, आणि छापलेलं पान 36 इंच. चौदा पट. स्क्रीनवर केसाएवढा ब्लर पानावर चौदा केसांएवढा होतो. छोट्या चित्रात सगळंच शार्प दिसतं, व्हॉट्सअॅपच्या डीपीत आपण सगळे देखणे दिसतो तसं.

डेप्थ ऑफ फील्डचे तक्ते आणि अॅपसुद्धा अशीच एक गोष्ट धरून चालतात: प्रिंट साधारण 8 बाय 10 इंचाची, आणि बघणारा साधारण फूटभर अंतरावर. त्या हिशोबानं 50 एमएम, 5 मीटर, एफ/5.6 ला एपीएस-सीवर शार्प पट्टा 4.1 ते 6.4 मीटर येतो. म्हणजे सव्वादोन मीटर, तीन रांगांना ऐसपैस. पण अल्बमचं पान मांडीवर घेऊन आत्या जवळून बघते, आणि स्वतःचा चेहरा आधी शोधते. म्हणून मी तक्त्यातल्या एफ/2.8 च्या ओळीकडे बघतो आणि कॅमेऱ्यावर एफ/5.6 लावतो, दोन स्टॉपचा फरक ठेवून. मग एफ/5.6 ला मिळणारा पट्टा 4.5 ते 5.6 मीटर, जेमतेम एक मीटर आणि थोडं. तीन रांगांना तेही अपुरं. एफ/8 ला, याच कडक हिशोबानं, दीड मीटरच्या वर जातं. आता माझा ग्रुप एफ/8 ला असतो, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. दाणे सहन होतात, मऊ चेहरा होत नाही.

एफ/16 ला का जात नाही, असं कुणीतरी विचारणारच. 24 मेगापिक्सेलच्या एपीएस-सी बॉडीवर एफ/11 च्या पुढे डिफ्रॅक्शननं, म्हणजे लहान भोकातून जाताना उजेड पसरतो त्यानं, सगळंच थोडं थोडं मऊ व्हायला लागतं. मागची रांग वाचवताना पुढच्या रांगेची धार घालवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा मागच्या पोरांना म्हणा, पुढे या, काकांच्या खांद्याला चिकटा. रांगांमधलं अंतर वीतभर कमी झालं तरी लेन्सचं काम सोपं होतं. फोकस पुढच्या रांगेवर ठेवू नका. पट्टा पुढे कमी आणि मागे जास्त पसरतो, म्हणून तीन रांगांत मधल्या रांगेतल्या पुढे झुकलेल्या माणसाचा डोळा धरा.

आणि बघायचं कसं? प्रिव्ह्यूचं बटण दाबून ठेवून लाइव्ह व्ह्यूत मॅग्निफाय करा, कॅननवर 5 पट आणि 10 पट असतं. चौकट आधी पुढच्या रांगेच्या टोकाच्या माणसावर न्या, मग मागच्या रांगेच्या टोकाला. मधल्या नवरा-नवरीकडे बघून काही कळत नाही, ते शार्पच असतात. दोन टोकं ठीक म्हणजे सगळं ठीक. लोक हलतायत, वेळ नाही, तर एक फोटो काढा आणि तोच 100 टक्क्यांवर मोठा करून दोन टोकं तपासा. खरं सांगायचं तर डिजिटलमध्ये बहुतेक वेळा हाच प्रिव्ह्यू सगळ्यात भरवशाचा. बटणाचं कौतुक आम्हा फिल्मवर शिकलेल्यांना जास्त, कारण तेव्हा फोटो काढून बघायची सोय नव्हती.

तरी एका कामात मी अजून बटणच दाबतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या मालाचे, घडी केलेल्या चादरींच्या थप्प्यांचे कॅटलॉगचे फोटो काढतो तेव्हा. थप्पी तिरपी ठेवलेली, पुढच्या घडीवर मोराची नक्षी, मागे दहा घड्यांच्या कडा. गिऱ्हाइकाला पुढची वीण धाग्याधाग्यानं दिसायला हवी, मागच्या कडा ओळखू याव्यात पण नजर ओढू नयेत. असं अधलंमधलं शार्प फोटो काढून-काढून ठरवत बसलं तर दुपार जाते. ट्रायपॉडवर कॅमेरा, बटण दाबलेलं, एफ/5.6, एफ/8, एफ/11, आणि मागच्या कडेवरच्या लाल पट्टीचा काठ कुठे घट्ट होतो ते बघायचं. त्यात एकदा असं झालं की एफ/11 लाही मागची घडी हवी तेवढी येईना. आकडा वाढवत बसलो होतो. शेवटी ट्रायपॉड थोडा बाजूला सरकवला आणि कॅमेरा थप्पीच्या तोंडाला जास्त समांतर केला. एफ/8 ला सगळं बसलं. तेव्हापासून बटण दाबून पट्टा पुरत नाही असं दिसलं की डायलला हात लावायच्या आधी मी ट्रायपॉडचा पाय हलवून बघतो.